पळसाच्या पानांचा माणूस

माझा थोरला भाऊ हवाई दलात नॅव्हिगेटर होता. बॉम्बफेकी विमानात बसून नकाशावरून वैमानिकाला वाट सांगणे, हे त्याचे काम. एकाहत्तरच्या युद्धात त्याचे विमान रात्री सीमेपलीकडची धावपट्टी उद्ध्वस्त करायला गेले आणि परतले नाही. तारेत शब्द होता ‘बेपत्ता’. वहिनी तेव्हा गरोदर होत्या. त्यांनी आजतागायत कुंकू पुसलेले नाही.

पुढे मुरबाडच्या शाळेत मी इतिहास शिकवला. त्या युद्धाचा धडा आला की फळ्यावर आकृती काढून सांगत असे: अंधारात शत्रूला विमान दिसत नाही, पण विमानालाही जमीन दिसत नाही, म्हणून सारी भिस्त नकाशा वाचणाऱ्यावर. बेपत्ता आणि मृत यांतला फरक पुराव्याशिवाय पुसायचा नाही, हेही बजावत असे.

यंदा पुतण्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. तो माझ्या त्या भावाचा एकुलता मुलगा. “काका, टेबलावर जायच्या आधी बापाला अग्नी देऊ द्या,” तो म्हणाला. “माझं काय बरंवाईट झालं, तर कोण देणार?” आमच्याकडे देह न मिळालेल्या माणसाची पळसाच्या पानांची आकृती करून तिचे दहन करतात. त्याने टोकावड्याच्या नदीकाठी भटजी बोलावले. वहिनीही आल्या.

आकृती तयार झाली. डोक्याच्या जागी नारळ. वहिनींनी ती न्याहाळली.

“हे कोण गो बाई? हे एवढे बुटके नव्हते. माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागायचं.”

“आई, पानंच आहेत ती!”

“मग आण की आणखी. पळसाला काय तोटा?”

भटजींनी पाने वाढवली. लांबी वाढली, तशी मला ती आकृती पाहवेना. पुतण्या पलिता पेटवून उभा होता.

“काका, तुमी समजवा तिला. जन्मभर पोरांना शिकवलंत ना?”

“सांगा की, भावजी,” वहिनी माझ्याकडे वळल्या. “गेले का हे?”

“विमान परत आले नाही, वहिनी. त्यापुढचे मला ठाऊक नाही.”

त्यांनी मुलाच्या छातीकडे पाहिले, मग पलित्याकडे.

“दे अग्नी. तुझा बाप गेला, असं धर.”

पाने ओली होती. आधी नुसताच धूर झाला. ज्वाळा वर आल्यावर शेजारच्या दोघीजणी रीतीप्रमाणे कुंकू पुसायला पुढे झाल्या. वहिनींनी तळहाताने कपाळ झाकले.

“त्याचा बाप गेला. माझा माणूस अजून आला नाय.”

त्या बायकांनी माझ्याकडे पाहिले. गुरुजी काहीतरी समजावतील, अशी त्यांची अपेक्षा होती. मी नदीकडे पाहत राहिलो. परतताना वहिनी पुतण्याचा हात धरून पुढे चालत होत्या, दुसरा हात अजून कपाळावरच होता.