मामाजींचा तीर डुलत नाही

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, मला बघायला गोंदियाच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टीपॉयवर माझ्या भावाचा पेन पडला होता. तो त्यांनी उचलला, त्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं, दुसऱ्या हाताच्या चिमटीनं गर्रकन फिरवला आणि भर बैठकीत मोठ्यानं म्हणाले, "डुलते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडच्या झाडीबोलीत तो असो, ती असो, सगळ्यांना 'डुलते'च म्हणतात. त्यामुळे नेमकं कोण डुलतं, याचा बोलण्यावरून पत्ता लागत नाही. आईच्या हातातला पोह्यांचा ट्रे मात्र खरोखर डुलायला लागला. बाबा घाबरले की त्यांचं मराठी संपतं. "डुलती है? अरे नहीं जी, लड़की एकदम सीधी चलती है!" असं म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवायला लावलं. मी रागारागानं गेले आणि तितक्याच रागानं परत आले. मामाजी म्हणाले, "पोरगी नाही जी, पेन. नाक वाकडा आहे त्याचा." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगी सीधी आहे. गुस्सेवाली आहे, पन सीधी." एवढ्यावर माझं लग्न ठरलं.

देवरीकडच्या त्या जंगलातल्या गावात मामाजींना कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे 'तीरवाला बुढा' म्हणत. त्यांच्या बापानं आणि आजोबानं तीर-कमठ्यानं शिकार केली होती. मामाजींच्या हाती कमठा आला तोवर शिकार बंद झालेली. त्यांनी जन्मभर तीर केले, पण त्या तिरांनी एक उंदीरसुद्धा मारला नाही. तरी दरवर्षी नवा फॉरेस्ट गार्ड आला की चौकशीला यायचा. मामाजी त्याला परसातल्या वेलाकडे न्यायचे, मोठा कोहळा दाखवायचे आणि म्हणायचे, "हा माहा जनावर. भाजी खाऊन जा."

ते खरंच होतं. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते. जत्रा, पाहुणे, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. त्या दिवशी दुपारी मोहाच्या झाडाला एक कोहळा दोरीनं टांगतात आणि एका तिरात ती दोरी कापायची असते. कोहळ्याला तीर मारणं कोणालाही जमेल, दोरी कापणं जमत नाही. त्यासाठी तिराला टोकदार खिळा चालत नाही, रुंद पातं लागतं. दोरी कापली तर 'पहिल्या तिराचा मान' पुढच्या मंडईपर्यंत तीर मारणाऱ्याच्या टोलीकडे, म्हणजे वस्तीकडे राहतो आणि चुकली तर दुसऱ्या टोलीकडे जातो. आमची वरची टोली. खालच्या टोलीचा म्होरक्या सुखरामकाका. मी लग्न होऊन आले तेव्हा हा मान कित्येक वर्षं मामाजींकडेच होता आणि सुखरामकाका कित्येक वर्षं "औंदा पाहा" म्हणत होते.

मंडई महिन्यावर आली की माझ्या स्वयंपाकघरावर हल्ला व्हायचा. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून लोहारानं घडवलेलं पातं मामाजी लाखेनं तिराच्या कांडीत बसवत. लाख तापवायला त्यांना माझाच गॅस लागायचा आणि तोही नेमका डाळ शिजत असताना. पातं बसवलं की तीर नखावर फिरवायचा. डुलला की पुन्हा लाख ऊन करायची, पातं केसभर सरकवायचं, पुन्हा फिरवायचा. सगळ्या घरात लाखेचा वास, डाळीला लाखेचा वास. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, "आज फोडणी कशाची दिली?" मी म्हटलं, "तुमच्या बापाची."

मी शिलाईचं काम करते. तेव्हा माझा रेशमी धागा पिसं बांधायला, माझी कात्री पिसं छाटायला, माझी टेप पात्याची रुंदी मोजायला. मी ओरडले की मामाजी शांतपणे म्हणायचे, "तू ब्लाउज कायले शिवते? अंगाले बसाव म्हनून ना? मंग मी बी तेच करून राहिलो."

एवढं रुंद पातं कशाला, पिसं एवढी लांब कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं. त्यांनी दारातलं सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा धरून वाऱ्यात धाव." मी धावले. वाऱ्यानं सूप फिरवलं आणि सुपाबरोबर मीही फिरून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. "पाहिलीस? रुंद पाता म्हनजे समोर बांधलेला सूप. तो म्हनते मी नेतो तिकडे चल. मांगून पिसानं ओढून धराव लागते." मग बोट वर करून त्यांनी आपलं आवडतं वाक्य टाकलं, "टोक मोठा न् पीस लहान, तं तीर भलतीकडं."

हे वाक्य ते माणसांनाही लावत. जीप घेऊन फिरणारा नवा पुढारी असो, की नोकरी लागायच्या आधीच मिशीला पीळ देणारा भाचा, मामाजी बघून घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "टोक मोठा, पीस लहान." माझ्या बाबांबद्दलही म्हणाले होते. बाबांना ते कौतुक वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

आता खरी गोष्ट सांगते. मी आले त्या वर्षी मामाजींचं पातं बोटभर रुंद होतं. पुढे ते दीड बोट झालं, मग दोन बोटं. लोहार कुरकुरला, "बुढा, हा तीर होय का खुरपा?" पातं वाढलं की वारा जास्त धरणार, म्हणजे पिसंही वाढवणं आलं. पिसं कोंबड्याची, आणि चांगला शेपटीवाला कोंबडा गावात एकच, सुखरामकाकांचा. त्या बिचाऱ्याची शेपटी वर्षावर्षाला झडत गेली. काका गावभर फिरून विचारायचे, "याले कोनता रोग झाला?" मामाजी तोंडभर सहानुभूतीनं म्हणायचे, "हवा खराब आहे."

मला आधी ही म्हाताऱ्याची हौस वाटली. मग एका सकाळी ते माझ्या मशीनजवळ येऊन बसले आणि धाग्याचं रीळ हाताशी असूनही चाचपत राहिले. समोरचा धागा त्यांना दिसत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोरी अंधूक होत चालली होती म्हणून पातं रुंद होत चाललं होतं. बारीक पात्यानं नेमकी दोरी गाठावी लागते, रुंद पातं आसपास गेलं तरी कुठली तरी कड लागेल, असा त्यांचा हिशेब होता. मी म्हटलं, "मामाजी, गोंदियाला जाऊन डोळे दाखवू." ते भडकले. "डोरे कायले? दोर मले पाठ आहे!" मी रीळ त्यांच्या हातात ठेवलं. मान गेला असता तर गावाला काही फरक पडला नसता, पण मामाजींकडे त्या मानाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

त्यांनी स्वतः तीर मारला त्या शेवटच्या मंडईला पातं तळहाताएवढं झालं होतं आणि मागची पिसं एवढी मोठी, की तीर धरून मामाजी उभे राहिले तेव्हा खालच्या टोलीतून कोणीतरी बांग दिली. लोक हसले. मामाजींनी लक्ष दिलं नाही. तीर नखावर फिरवला. डुलला नाही. एवढं अवजड धूड, पण नखावर काडीसारखं सरळ फिरलं. मग त्यांनी कमठा ओढला. मी मनातल्या मनात गावदेवाला कोंबडा बोलले, सुखरामकाकांचाच.

तीर सुटला आणि वारा आला. मी सूप घेऊन फिरले होते तसाच तीर फिरला. मोह राहिला एकीकडे. तीर वरून वळला आणि दंडारीच्या मंडपासमोर बांधलेल्या मोठ्या फ्लेक्सची दोरी त्यानं कचकन कापली. फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो होता. खाली खुर्चीवर खुद्द प्रमुख पाहुणे होते. ते आपल्याच फोटोखाली गडप झाले आणि आतून आवाज आला, "अरे, लाईट गेली का?"

सगळा गाव पोट धरून हसला. फक्त मामाजी हसत नव्हते. त्यांना काय झालं तेच दिसलं नव्हतं. कोहळा पडल्याचा आवाज काही आला नव्हता, आणि ते मान वळवून मलाच शोधत होते.

निकाल द्यायचा तो सुखरामकाकांनी, कारण मान आता त्यांच्या टोलीकडे जाणार होता. काका उठले, कापलेली दोरी उचलली, वर धरली. "दोर कापली का नाही?" लोक म्हणाले, "कापली!" "मंग? कोनती दोर, असा नियम हाय का कोठी?" आणि मान वरच्या टोलीकडेच राहिला. मी काकांच्या तोंडाकडे बघतच राहिले. हा माणूस इतकी वर्षं ज्याची वाट बघत होता, ते हातात आलेलं त्यानं देऊन टाकलं.

घरी येताना मामाजींनी माझा खांदा धरला होता. अर्ध्या वाटेत थांबले. मग म्हणाले, "माहाच टोक मोठा झाला पोरी. पीस पुरला नाही." मी रस्त्यातच रडले.

पुढच्या मंडईआधी ते स्वतः खालच्या टोलीत गेले आणि मान सुखरामकाकांना देऊन आले. एकच अट घातली, "कमठा तुहा, तीर माहा." पुन्हा बोटभराचं पातं घडलं, पुन्हा माझ्या गॅसवर लाख तापली. नखावर तीर फिरवायला डोळे कुठे लागतात? त्यांच्या नखालाच कळायचं. मला म्हणाले, "आन तुहा नख." माझ्या अंगठ्यावर तीर फिरवला. "डुलते का?" मी म्हटलं, "नाही." ओरडले, "डुलते! नीट आइक." तीर ऐकायचा असतो हे मला तेव्हा कळलं. टोक वाकडं असलं की नखावर बारीक करकर होते. ती ऐकू येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही आणि डाळ करपली.

मंडईला काकांनी दोरी कापली. कोहळा धप्पकन पडला. मामाजींनी तो आवाज ऐकला आणि शेजारच्याला सांगितलं, "तीर माहा होता." शेजारी गेल्या वर्षीचेच प्रमुख पाहुणे होते. ते झटकन खुर्ची घेऊन मागे सरकले.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजी गेले.

मग पुन्हा मंडई जवळ आली. मी डाळ टाकली होती. दारात सुखरामकाका उभे. हातात तीर, काखेत शेपटी पुन्हा भरलेला कोंबडा. आत यायला लाजत होते. "सूनबाई, दादानं तुले शिकवला म्हनतेत." मी तीर घेतला, नखावर टेकवला, फिरवला, कान लावला. "डुलते," मी म्हटलं.

काकांनी मान खाली घातली आणि खिशातून लाखेचा खडा काढला. मी डाळीचं भांडं बाजूला केलं आणि गॅस मोठा केला. वास घरभर पसरला. नवरा आतून धावत आला आणि दारातच थांबला. जेवताना डाळीला लाखेचा वास येत होता. आम्ही दोघांनी ती पुन्हा पुन्हा वाढून घेतली.