चंद्रावरची सहा पोती

समस्त वाचक, टीकाकार, खगोलशास्त्रज्ञ आणि मिरचीचे व्यापारी यांस कळवण्यात येते की, चंद्रावर माणसाचं पहिलं पाऊल नंदुरबार येथे, मिरचीच्या एका वखारीत, दुपारच्या जेवणानंतर पडलं. पुढे काही वर्षांनी परदेशातली दोन माणसं मोठा गाजावाजा करून तिथे जाऊन आली. त्यांचं मी आजही मनापासून कौतुक करतो, पण त्यांचा नंबर दुसरा. कुणाची हरकत असेल तर त्याने हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा आणि मगच मला पत्र लिहावं.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला सभेत एक प्रश्न हमखास येतो. हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून? अशा वेळी मी चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो आणि विश्वाच्या अथांगपणाबद्दल दोन वाक्यं बोलतो. टाळ्या पडतात. खरं उत्तर मी कधी दिलेलं नाही, कारण ते एका शब्दाचं आहे आणि तेवढ्यावर कुणी हार घालत नाही. मिरचीतून.

आमच्याकडे हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर मिरची वाळत घालतात. त्या मैदानाला पथारी म्हणतात. पथारी म्हणजे नजर जाईल तिथपर्यंत लाल. जमीन लाल, तिच्यावर चालणाऱ्या बायांची पावलं लाल, संध्याकाळी तर हवासुद्धा लाल. त्या लालीच्या पलीकडून सुरतेची गाडी धूर सोडत जायची, तेव्हा मला वाटायचं की ती दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावरून निघाली आहे. पुढे वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं, की मंगळ लाल असतो. मला काही विशेष वाटलं नाही. असेल, म्हटलं. तिथेही हंगाम चालू असेल.

आमचे आबा त्या बाजारात मापाडी होते. लिलाव संपला की व्यापारी आणि शेतकरी दोघंही त्यांच्या काट्याकडे बघत उभे राहायचे आणि आबा बोलतील ते वजन खरं. वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं की पुन्हा तोला. बुटके, काटक, बोलायला कमी. हसायला त्याहून कमी. चालताना किंचित पुढे वाकलेले असायचे, जणू पाठीवर पोतं आहे. तरुणपणी खरंच असायचं. हमालीतून मापाडी झालेला माणूस होता तो.

तेव्हा किलो नुकते आले होते. मण गेला, शेर गेला, आबांनी जुनी वजनं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि नवी वजनं पुसून मांडली. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण दोन दिवस जेवले नाहीत.

आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्या मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या मुलाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, आयुष्यातली पहिली विज्ञानकथा लिहिली. तिचा नायक हमाल होता. नंदुरबारचा हमाल चंद्रावर जातो आणि तिथे सहा भरलेली पोती एकदम पाठीवर घेतो, अशी गोष्ट. चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन सहाव्या हिश्श्यावर येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाकीचं सगळं बाजारात बघितलेलं होतं. गोष्ट पुण्याच्या एका मासिकाला पाठवायची होती. पाकिटावर नाव आणि आडनाव घालायचं, तर घरी विचारायला हवं. आडनाव काही माझं एकट्याचं नव्हतं.

आबांनी वही घेतली आणि ओसरीवर बसून बोट ठेवत ठेवत पूर्ण वाचली. मग मान वर केली.

“एकला माणूस सहा पोता उचलस?”

“चंद्रवर, आबा.”

“कोन्हा काटावर तोलं तू हाई?”

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. पुस्तक म्हणजे काटा नव्हे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

“मन गया, किलो वना, मी काही बोलनू नही,” आबा म्हणाले. “माप बदलस. पन वजन? वजनच बदलस? मंग मापाडीनी काय टाळ कुटाना?”

मग त्यांनी निकाल दिला. बिनातोललेला माल आमच्या नावावर बाजारात जाणार नाही. मी सिद्ध करावं. सिद्ध झालं तर आडनाव लावून खुशाल पाठवावं. तोल खोटा निघाला, तर वही चुलीत आणि लिहिणं कायमचं बंद. आबा धमकी द्यायचे नाहीत. ते जे बोलायचे ते व्हायचंच. मायने चुलीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं, त्यावरून मला कळलं की तिचा माझ्या चंद्रावर फारसा भरवसा नाही.

मी रडकुंडीला येऊन गेलो ते वखारीत, हमालांच्या मुकादमाकडे. त्यांना सगळे चाचा म्हणत. सहा फुटांचा माणूस, पांढरी दाढी मिरचीच्या धुळीने कायम गुलाबी. आबांबरोबरच त्यांनी हमाली सुरू केली होती. माझी गोष्ट त्यांनी उभ्या उभ्या ऐकली आणि त्यांना एकच गोष्ट पटली नाही.

“सहाच पोता? मी ऱ्हातू तं आठ उचलतू.”

मग त्यांनी वखारीच्या आढ्याकडे बघितलं. तिथे पोती माळ्यावर चढवायची लोखंडी कप्पी होती. “चांद दूर शे,” चाचा म्हणाले, “पन कप्पी तं आपलीच शे.”

युक्ती पूर्ण त्यांची, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. दोराच्या एका टोकाला माणूस बांधायचा. त्याच्या वजनाचे सहा सारखे भाग करायचे आणि त्यातले पाच भाग दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकवायचे. पाच भाग कप्पीपलीकडे गेले, की माणसाच्या पायावर एकच भाग उरतो. तो माणूस चंद्रावरचा. पुढे एका प्राध्यापकाने मला समजावलं, की हे तंतोतंत चंद्रासारखं होत नाही, कारण उडी मारताना पलीकडची पोतीही हलवावी लागतात. मला ते मान्य आहे. तुम्ही पोस्टाचं तिकीट वाया घालवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार उरकला. वखारीत आबा, चाचा, पाचसहा हमाल, आणि आबांचा डबा घेऊन आलेली माय. डबा झाला, पण माय घरी गेली नाही. मला काट्याच्या पारड्यात बसवलं. अठ्ठेचाळीस किलो. म्हणजे आठ आठ किलोंची सहा पोती. लोखंडी वजनं दोराला टांगायला आबांनी साफ नकार दिला. सरकारी शिक्क्याची वजनं म्हणजे काही फळं नव्हेत झाडाला लटकायला. म्हणून मिरचीच भरायची ठरली. आबांनी स्वतःच्या हाताने अर्धीमुर्धी सहा पोती भरली, तोलली, तोंडं शिवली. एक जमिनीवर राहिलं, पाच दोराला गेली. माझ्या काखांखालून गोणपाटाची पट्टी घेऊन चाचांनी गाठ मारली.

“पोऱ्या, मार उडी!”

मी डोळे मिटले, मनातल्या मनात पुण्याच्या संपादकांना नमस्कार केला आणि उडी मारली.

मी वर गेलो. हळूच, एखादा फुगा जावा तसा. एक क्षण मला वाटलं की पुस्तकातलं सगळं खरं आहे आणि मी ते पायांनी वाचतो आहे. आता खाली येईन. आता येईन. मी वरच चाललो होतो. पलीकडून पाच पोती गंभीरपणे खाली उतरत होती. धप्प! ती जमिनीवर बसली आणि माझं डोकं कप्पीला लागलं. आढ्यावरची दहा वर्षांची मिरचीची धूळ उडाली आणि अख्ख्या वखारीत शिंकांचा लिलाव सुरू झाला.

“पोऱ्या!” शिंका आवरत चाचा ओरडले. “चांदवर काय दिखी ऱ्हायनं?”

“जाळां!” तोंडावरची कोळिष्टकं काढत मी म्हणालो.

हमाल पोट धरून हसत होते. आबा हसत नव्हते. त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि वर बघितलं.

“तू लिखेल शे, माणूस उडी मारस आनी हळूच खाले येस. तू तं उना नही.”

एवढंच बोलून त्यांनी काट्याजवळ आणून ठेवलेली माझी वही उचलली आणि मायच्या हातात दिली. मायने ती पदराखाली धरली. तिला चूल घरी पेटती आहे हे आठवत असावं.

मी आढ्याला लटकलेला. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. खाली माझं सगळं आयुष्य पदराखालून दाराकडे निघालेलं. आणि त्या अवस्थेत मला जमिनीवरची पाच पोती वरून दिसली. फुगलेली. आठ किलोंची पोती इतकी फुगत नाहीत. आणि मला कळलं.

आमच्या बाजारात मापाडी मालावर पोत्यामागे सूट घालतो, म्हणजे थोडा जास्तीचा माल. बारदानापोटी एक किलो, देठांपोटी अर्धा, ओलीपोटी अर्धा. घेणाऱ्याला कमी पडू नये म्हणून. पोतं भरलेलं असो की अर्धं, सूट तीच. आबांच्या हाताला हे इतकं वळण पडलं होतं, की त्यांनी चंद्रालाही गिऱ्हाईक धरलं आणि दर पोत्यामागे दोन दोन किलो वाढवून दिले. चाळीसचे पन्नास झाले होते. मी अठ्ठेचाळीस. चंद्र ओलांडून मी पुढे निघालो होतो.

पण हे सांगायचं कसं? वीस वर्षांत ज्या माणसाला कुणी पुन्हा तोला म्हटलं नाही, त्याला त्याच्याच वखारीत, त्याच्याच हमालांसमोर, बाराएक फुटांवरून?

माय उंबऱ्यापर्यंत पोचली.

“आबा,” मी म्हणालो, “पाची पोता जड शेतस.”

आलेली शिंकसुद्धा एका हमालाने गिळली.

“काय म्हने?”

“सूट काढा, आबा. बारदाननी, देठनी, ओलनी. चंद्र काही गिऱ्हाईक नही शे.”

आबा पोत्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. चाचांनी एक पोतं सोडवून मला खाली उतरवलं. मी गाठ सोडेपर्यंत आबा काट्यापाशी गेले होते. मायला त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी बाजारात कुणी पाहिली नव्हती. ते स्वतः पारड्यात बसले. मापाड्याने आपल्याच काट्यावर बसू नये, असा त्यांचा नेम होता. कधी बसले नव्हते. दुसऱ्याने तोललेला माल ते पास करत नसत, म्हणून हा तोल आता त्यांना स्वतःच्या अंगावर घ्यायचा होता.

“चोपन्न,” चाचांनी काटा वाचला. आबांनी मान हलवली. आपण इतकेच आहोत, हे त्यांना नवीन असावं.

नऊ नऊ किलोंची पोती भरायला घेतली. सूट नाही. काटा समान. पहिल्या पोत्यावर काटा समान झाला आणि आबांचा हात आपसूक मिरचीच्या ढिगाकडे गेला. चाचांनी त्यांचं मनगट धरलं. दोघे म्हातारे क्षणभर तसेच उभे राहिले. “भाऊ,” चाचा हळू आवाजात म्हणाले, “ऱ्हाऊ दे.” दुसऱ्या पोत्यालाही हात गेला. तिसऱ्यालाही. पाचव्याला मात्र आबांनी स्वतःच दोन्ही हात पाठीमागे बांधले.

गाठ चाचांनी मारली. आबांनी धोतर खोचलं, देवाचं नाव घेतलं नाही, कुणाकडे बघितलं नाही. गुडघे वाकवले.

मी पुढे पुष्कळ माणसं अवकाशात पाठवली. शनीच्या कड्यांवर पाठवली, मरणाऱ्या सूर्यांपाशी पाठवली. त्यातलं एकही उड्डाण मला त्या दुपारच्या जवळपास आणता आलेलं नाही. आबांचे पाय जमिनीवरून सुटले आणि ते वर गेले, सावकाश, जणू हवेने त्यांना आदराने हाताला धरून नेलं. कौलांतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात लाल धूळ तरंगत होती, आणि त्या धुळीतून आमचे आबा पुरुषभर उंच गेले, तिथे किंचित थांबले आणि उतरू लागले. डोक्यावरची टोपी निसटली. टोपी टपकन जमिनीवर पडली. आबा अजून हवेतच होते. टोपी पृथ्वीची होती, आबा चंद्राचे.

पाय टेकले. मी त्यांचा चेहरा बघत होतो, कारण निकाल तिथे लागणार होता. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा गुडघे वाकवले.

दुसरी उडी पहिलीपेक्षा उंच गेली. आणि या उडीत मी पाहिलं, की आबांची पाठ सरळ आहे. जन्मापासून मी त्यांची पाठ कधी सरळ पाहिली नव्हती. हात पसरलेले, धोतराचे सोगे पंखांसारखे फुललेले. मायने पदराखालची वही दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं. चाचा पुटपुटत होते, ती दुआ होती की मोजणी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिसऱ्या उडीला आबांनी धावत दोन पावलं घेतली. इतके वर गेले, की आढ्याला त्यांचा हात लागला. आणि तिथून, वखारीतल्या सगळ्यांना आणि बाहेरच्या गाडीवानांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, ज्या आवाजात ते रोज बाजारात वजनं पुकारत त्याच आवाजात, आमचे आबा ओरडले:

“अरे पोऱ्या, चंद्रनं माप बराबर शे!”