न तुटलेला बोल्ट

ब्रह्मपुरीला जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरनं सहज सांगितलं, “बोल्टवाले देवरावभाऊ गेले ना, बाई. परवा. छातीत दुखलं म्हणे.” मी त्यांच्याकडेच निघाले होते. पिशवीत त्यांना दाखवायचा एक बोल्ट होता. जीपमधून उतरावंसं वाटलं, पण उतरले नाही... उतरून तरी कुठं जाणार होते?

देवरावभाऊंचं दुकान बाजाराच्या टोकाला, नांगर-रोटाव्हेटरच्या बोल्टांचं. नवरा गेल्यावर मी स्वतः ट्रॅक्टर चालवायला लागले, तेव्हा इतर दुकानदार माझ्यामागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघायचे. भाऊ फक्त माझ्या हाताकडे बघायचे. “तुटलेला आणला का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. तुटलेला बघितल्याशिवाय ते नवा देत नसत. तो उजेडात धरायचे, तुटल्या जागेवरून बोट फिरवायचे. “इथी गंज हाय, म्हंजे चीर जुनीच होती. नट ढिला ठेवून चालवून राह्यल्या तुम्ही, बाई.” खोटं बोलायची सोयच नव्हती. फाळाला, पात्यांना ते निवडून कडक बोल्ट द्यायचे, बोल्टच्या डोक्यावरचे कडकपणाचे आकडे मला वाचायला लावायचे. पण ट्रॅक्टरचा जोर रोटाव्हेटरला पोचवणाऱ्या दांड्यात एक बोल्ट असतो, तो मात्र मुद्दाम नरमच द्यायचे.

आमचं शेत जंगलाला लागून, धानाच्या बांधीत अजून जुनी मुळं. चिखलणीत मूळ लागलं की हा नरम बोल्ट तुटे. एकदा एका दिवसात तीन तुटले. रोपं लावायला आलेल्या रोवणीच्या बाया शेताच्या धुऱ्यावर खोळंबलेल्या... मी तणतणत दुकानात गेले.

“मले पक्का द्या, भाऊ.”

“हा तुटासाठीच हाय, बाई. हा वाचला त गेअर मरते.”

“तुमचा माल खपते म्हणून नरम देता!”

बोलून गेले. त्या वाक्याची आजही लाज वाटते. भाऊंनी एक नरम बोल्ट कागदात गुंडाळून पुढं सरकवला. मी तो तिथंच ठेवला आणि दुसऱ्या दुकानातून सगळ्यात कडक घेतला. चौथ्या दिवशी मूळ लागलं आणि गिअरबॉक्समधून हाडं मोडल्यासारखा आवाज आला. रोवणी लांबली ती लांबलीच, धानाच्या रोपांचं पऱ्हं उभ्या जागी पिवळं पडलं.

रोटाव्हेटर मी दुसरीकडे दुरुस्त करून घेतला. भाऊंकडे कोणत्या तोंडानं जाणार? ते मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ विचारायचे, “बाईचा रोटाव्हेटर बरा हाय ना?” मी “बरा हाय” म्हणून निरोप धाडायचे. मला एकच सांगायचं होतं, की भाऊ, तुमचं खरं होतं. तेवढ्या तीन शब्दांसाठी मी सारा पावसाळा घालवला. धीर आला तो त्या जीपच्या दिवशी.

महिन्याभरानं दुकानात गेले. भाऊंचा चष्मा खिळ्याला टांगलेला, गल्ल्यावर त्यांच्या पत्नी शेवंताबाई. मी नरम बोल्ट मागितला.

“तुटलेला आणला का?” त्यांनी विचारलं. त्या घराची सवयच ती.

मी पिशवीतला तोच कडक बोल्ट पुढं केला. एक ओरखडा सोडला तर धडधाकट. शेवंताबाईंनी तो उजेडात धरला, भाऊ धरायचे तसाच, आणि उलटसुलट करून पाहिला.

“हा त तुटलाच नाई, बाई.”

“हव,” मी म्हटलं. “तेच भाऊले सांगाचं होतं.”