रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारता येत नाहीत

शुभदाताईंची आणि माझी पहिली भेट कोर्टात झाली, आणि त्या माझ्या विरुद्ध बाजूला होत्या.

मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत चाचणी अभियंता आहे. घरभाडे परवडावे म्हणून शहरापासून तासाभरावरच्या छोट्या गावात राहते. तिथे एका संध्याकाळी पार्किंगमध्ये एका माणसाने मला आपल्या देशात परत जायला सांगितले आणि लाथ मारून माझ्या गाडीचा आरसा तोडला. गावातल्या गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, सार्जंट बाईंनी माझा जबाब घेतला, त्याला शोधले आणि खटला भरला. पूर्वी अशा किरकोळ गुन्ह्यांत सार्जंट स्वतःच न्यायाधीशांसमोर उभ्या राहत. त्या सुमारास नवी पद्धत आली होती: खटले काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयाने चालवायचे. आमच्या गावाच्या टाउन हॉलमध्ये महिन्यातून एकदा कोर्ट बसते. माझ्या खटल्याच्या दिवशी काउंटीहून आलेल्या अधिकाऱ्यांकडे गठ्ठाभर फायली होत्या. माझे नाव त्यांना नीट उच्चारता आले नाही, हे मी समजू शकते. पण सार्जंट बाईंना तारीखच कळवलेली नव्हती. साक्ष त्यांनीच द्यायची होती आणि त्यांची खुर्ची रिकामी होती.

आरोपीच्या वकील उठल्या. निळा कोट, पांढरे होत आलेले केस. त्यांनी शांतपणे खटला काढून टाकण्याची विनंती केली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. त्या शुभदाताई होत्या.

बाहेर त्या माझ्याजवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मी जिंकले. पण असलं जिंकणं मला नको असतं."

"मग विनंती कशाला केलीत?" मी विचारले.

"तो माझा अशील आहे. ते माझं कामच आहे. तुम्ही माझ्यावर रागवा, चालेल. पण तेवढ्यावर थांबू नका."

मी थांबले नाही. आमच्या कामात नापास झालेला नमुना कचऱ्यात टाकता येत नाही; तो का नापास झाला ते शोधावे लागते. सार्जंट बाईंकडे मी तेवढेच मागितले. त्यांनी खटला पुन्हा दाखल केला आणि या वेळी तो आपण स्वतःच चालवणार असे वरिष्ठांना ठणकावले. "युअर मॅन, तो आरसा फोडणारा, इथेच राहतो, तूही इथेच राहतेस," त्या मला म्हणाल्या. "मग याचा निकाल दुसरीकडच्या लोकांनी का लावायचा?"

दुसऱ्या सुनावणीत शुभदाताईंनी माझी उलटतपासणी घेतली. तीत दयामाया नव्हती. अंतर किती होते, दिवा कोणत्या बाजूला होता, चेहरा दिसला की नुसती टोपी. मी मला जे दिसले तेवढेच सांगितले. माणूस दोषी ठरला. त्याने आरशाची भरपाई द्यावी आणि माझी माफी मागावी, असा आदेश झाला. पायऱ्यांवर शुभदाताई माझी वाट पाहत होत्या.

"आता चहाला येणार का? इतके दिवस विचारता येत नव्हतं."

त्या आपल्या अशिलाबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि त्यानंतर कधीच नाही. तरी आमची मैत्री झाली.

ताई विदर्भातल्या तालुका न्यायालयात वकिली करून इकडे आल्या आणि इथल्या परीक्षा पहिल्यापासून दिल्या. त्या नेहमी आरोपीच्या बाजूने उभ्या राहतात. काउंटीच्या गोंधळामुळे त्यांचे खटले पटापट निकालात निघतात आणि तेही त्यांच्या बाजूने. तरीही त्या गोंधळाविरुद्ध पहिली सभा त्यांनीच बोलावली. आता तर गावातले कोर्टच बंद करून सगळे काउंटीच्या मुख्य गावी न्यायचे घाटते आहे. बस नाही, त्यामुळे साक्षीदार जाणार नाहीत, आणि साक्षीदार नसले की खटला संपला.

सभेत काउंटीचे अधिकारी म्हणाले, ही किरकोळ प्रकरणे आहेत. ताई उभ्या राहिल्या. "खून झाला तर सगळा देश धावून येतो. आरसा फुटला तर गावालाच यावं लागतं."

मला एक शंका होती आणि ती मी त्यांना विचारली. गावातले सगळे एकमेकांना ओळखतात. सार्जंट बाईंनी उद्या ओळखीच्या माणसाला सोडून दिले तर?

"काहून नाही सोडणार? सोडतीलही," ताई म्हणाल्या. चिडल्या की त्यांची नागपुरी वर येते. "पण पक्षपात करणारं माणूस समोर तरी असतं. त्याला मी चारचौघांत धरू शकते. रिकाम्या खुर्चीला काय विचारू, सांग."

त्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करू लागल्या.

इथल्या आपल्या मराठी मंडळींनाही ताईंचे हे वागणे सोपे गेलेले नाही. "आपण इथे पाहुणे, कशाला उगाच तारखांच्या भानगडीत पडायचं?" असे एका काकांनी त्यांना गणपतीत ऐकवले होते. ताईंनी त्यांच्या ताटात आणखी एक मोदक वाढला. "पाहुणा कर भरतो का हो, भाऊसाहेब? मी भरते. खा."

ताईंच्या साठीच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या संपादकांनीही मला सुचवले होते की कोर्टाचा विषय टाळावा आणि ताईंच्या सुगरणपणाबद्दल लिहावे. मोदक उत्तम असतात, ही नोंद मी इथे करते. पण ताईंचा गौरव करायचा आणि त्या ज्यासाठी लढतात ते गाळायचे, हे मला जमणार नाही.

गावातले कोर्ट राहणार की जाणार, हे अजून ठरलेले नाही. साठी झाली की ताई थकतील, असा कुणाचा हिशेब असेल तर तो चुकीचा आहे. परवा मी त्यांना विचारले, सत्काराला काय आणू.

"शाल कपाटात पडून राहते गं," त्या म्हणाल्या. "माणसं आणा. पुढच्या तारखेला मागचे बाक भरलेले दिसू देत. रिकामे दिसले की काउंटीवाल्यांना कोर्ट उचलून न्यायला बरं पडतं."

शुभदाताईंना निरोगी, भांडखोर दीर्घायुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, आवाज असाच खणखणीत राहो. आणि पुढच्या तारखेला, शाल-श्रीफळ घरी ठेवून, आपण सगळे टाउन हॉलमध्ये मागच्या बाकांवर बसलेले असू. मी रजा टाकली आहे.