कोपऱ्यातला दगड

दिनकरराव गेले, हे मला चपलांवरून कळलं. संध्याकाळी दुकानातून परतलो, तर पिपरी मेघेतल्या आमच्या ले-आउटच्या मोकळ्या मैदानात त्यांची लोखंडी खुर्ची नव्हती आणि त्यांच्या फाटकापाशी चपलांचा ढीग होता. मी कापडाचा दुकानदार, जन्माचा भित्रा. शेजारी हा एक न भिणारा माणूस होता, त्याच्या आडोशानं माझं निभत होतं...

ते कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी खुर्ची मैदानाच्या मधोमध टाकून, रस्त्याकडे पाठ करून बसत. हळूहळू शेजारीपाजारी जमत आणि ग्रीकांचा अगोरा, रोमनांचा फोरम सुरू होई. नवं नगर आखताना ते लोक गावानं जमायची जागा आधी राखून ठेवत, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. "देवळं, कचेऱ्या, दुकानं सारं कडेले. मधात फक्त मानसं!" अथेन्समध्ये अगोऱ्याच्या हद्दीवर दगड रोवलेले असत. म्हणून त्यांनी आमच्या मैदानाच्याही कोपऱ्यांत दगड रोवले आणि दर दसऱ्याला त्यांना चुना लावू लागले. एका दसऱ्याला त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्या दगडांना हळदकुंकू वाहिलं, मग गल्लीतल्या साऱ्याजणी वाहू लागल्या. मला तेव्हाच धास्ती वाटली होती.

दिनकरराव हसले. "वाहू द्या ना शेठ, काऊन भिऊन राह्यले? देवाच्या धाकानं तरी कोनी दगड हलवनार नाई."

इथंच त्यांचा अंदाज चुकला. तेरवीनंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी त्यांच्या फाटकाजवळच्या कोपऱ्यातला दगड मैदानाच्या मधोमध दिसला. शेंदूर फासलेला, भोवती बांबू रोवलेले. कोणी आणला ते सगळ्यांना ठाऊक होतं, नाव कोणी घेईना. आणि परत ठेवायचा तरी कसा? देवाला हात कोण लावणार! आज बांबू, उद्या टिनाचं शेड, मग भिंत, मग कुलूप, आणि मैदान त्याच्या घशात... माझी झोप उडाली. मागून मोटारसायकल आली तरी दचकायचो.

परवा संध्याकाळी वहिनी पूजेचं ताट घेऊन मैदानात आल्या. मी नुसता बघत उभा. त्यांनी दगडाला फूल वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले आणि माझ्याकडे वळल्या.

"शेठ, धरा एका बाजूनं. देवाले त्याच्या जागेवर नेऊन ठेवू."

"वहिनी, कोनी पाह्यलं तं?"

"पाहू द्या. आमच्या ह्यायचं म्हननं होतं, देऊळ कडेले."

खिडक्या किलकिल्या झाल्या, पण बाहेर कोणी आलं नाही. घामानं माझे हात निसटत होते. दगड कसाबसा कोपऱ्यात गेला. अजून कोणी काही बोललेलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

वहिनींनी बांबू उपटून ती लोखंडी खुर्ची पुन्हा मधोमध आणून ठेवली आहे. आता तिच्यावर मी बसतो. फक्त तिचं तोंड रस्त्याकडे फिरवून.