डब्यातले सेल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगते — का म्हणून, ते मलाही ठाऊक नाही. मन हलकं व्हावं म्हणून तर अजिबात नाही.

आमच्या नांदूरघाटात बाळंतिणीला शेक द्यायचा म्हटलं की मलाच बोलावणं यायचं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपा, दारं-खिडक्या गच्च बंद. वारा लागला तर बाळंतीण जन्माची अधू होते, असं आम्ही मानतो. माझ्या हाताखालून उठलेल्या बायका पुढच्या हंगामात पुन्हा उसाच्या फडात उभ्या राहायच्या. लई गर्व होता मला त्याचा. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

धाकटी जाऊ रेखा बाळंत झाली. तिला आई-बाप नाहीत. माहेर म्हणजे एकटा भाऊ, शरद, पुण्यात कंपनीत कामाला. घरातले पुरुष ऊसतोडीला गेलेले, म्हणून तिचं सगळं माझ्याकडं आलं. घरकुलाची नवी स्लॅबची खोली, काचेच्या सरकत्या खिडक्या. जुन्या पत्र्याच्या घरात फटींतून तरी वारा यायचा. इथं फट म्हणून नव्हती.

शरद भाचीला बघायला आला अन् भिंतीवर एक पांढरा डबा लावून गेला. मला समोर उभं करून म्हणाला, "अक्का, निखाऱ्याचा वायू दिसत न्हाई, वासबी येत न्हाई, पर माणूस मरतंय. हे वरडलं की दार उघडा, शेगडी बाहेर काढा." म्हणजे बघा — मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

पुढच्याच शेकाला डबा बोंबलला. गल्लीतल्या बायका बाळ बघायला आलेल्या. मी दार उघडलं, शेगडी बाहेर नेली. एकजण म्हणाली, "आता ह्यो डबाच बाळंतपण करतुया वाटतं!" सगळ्या खिदळल्या. रेखाही हसली. ती हसली ना — ते मला झोंबलं. इतकंच? हो, इतकंच.

बायका गेल्यावर रेखाचा डोळा लागला होता. मी डब्यातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटात घातले, अन् रिमोटातले संपलेले सेल डब्यात. डबा गप्प झाला. शेगडी पुन्हा आत गेली.

मग रेखाचं सुरू झालं — डोकं जड होतंय, मळमळतंय, शेगडी नको. मी म्हणायची, नाटकं करू नको. एकदा तिनं उठून दार उघडलं, तर दुसऱ्या दिवशी मी बाहेरून कडीच घातली अन् ओसरीत लसूण सोलत बसले. तिनं हाक मारली. "अक्का, दार उघडा ना." पुन्हा मारली. ऐकूच आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय. आलं होतं. चांगलं लख्ख ऐकू आलं होतं. मनात म्हणलं, हस आता! मग हाका थांबल्या, अन् मला — कसं सांगू तुम्हाला — बरं वाटलं. जिरली एकदाची म्हणून.

कडी काढली तेव्हा रेखा दारापाशी पडलेली होती, बाळ बाजेवर. जीपमधून केजच्या दवाखान्यात नेलं. रेखा वाचली. पोर वाचली नाही.

रेखाला त्या दिवसाचं काही आठवत नाही. शरद आला, त्यानं डब्याचं बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, अन् तिथंच खाली बसला. "मीच नीट बघून आणायला पायजे व्हतं," म्हणत स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागला. तेव्हा तरी मी तोंड उघडायचं का नाही? उघडलं की! म्हणले, "तुझ्या डब्याच्या भरवशावर ऱ्हायलो आमी, अन् घात झाला." रेखानं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही.

यंदा भाऊबीजेला मात्र तिनं सकाळीच ताट तयार केलं. म्हणाली, "अक्का, त्यानं काय मुद्दाम केलं व्हतं का? आला तर ओवाळीन." दोघं जवळ बसणार, बोलणार, डब्याची गोष्ट निघणार — अन् बोट माझ्याकडं येणार.

शरद आला. रेखा आत निरांजन लावत होती. मी फाटकातच त्याला गाठलं. "तिला तुझं तोंड बघायचं न्हाई. परत येऊ नको." त्यानं आणलेली साडीही मी घेतली नाही. तो खाली मान घालून स्टँडकडं गेला.

रेखा ताट घेऊन बाहेर आली. "अक्का, कोण आलतं?"

"कुणी न्हाई," मी म्हणले.

ती ताट घेऊन उंबऱ्यावर बसली. मी आत जाऊन जेवले.