गाईचं लॅमिनेशन

ॲन आर्बरमधल्या आमच्या शेजारीण बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची आजी हॉलंडमध्ये शाळेत शिकवायची. अमेरिकेला येताना तिनं वर्गातलं गाईचं मोठं चित्र गुंडाळून बरोबर आणलं होतं. ओल्या कुरणात काळी-पांढरी गाय, पायाशी वासरू, कडेच्या चरात एक बेडूक. मुलांनी गाय बघता बघता बेडूकही शोधावा, अशी योजना. मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो हे कळल्यावर बाईंनी ते मला आठवडाभरासाठी दिलं. "जपून वापरा," एवढंच म्हणाल्या.

जपायचं कसं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवीचं प्रमाणपत्र आलं त्याच दिवशी वडील एसटीनं तालुक्याला गेले आणि ते लॅमिनेट करून आणलं. त्यावर पुढे चहाही सांडला, पण अक्षर हललं नाही. म्हणून मी गाय घेऊन कॉपीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आर यू शुअर?" मी म्हणालो, "दोन्ही बाजूंनी."

घरी बायको बघतच राहिली. "अहो, हे उसनं आणलेलं ना?"

"म्हणून तर केलं."

"आणि आता काढणार कसं?"

दुकानात फोन केला. प्लास्टिक सोलायला गेलं तर त्याबरोबर गायही निघेल, असं कळलं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात ज्या बाईंनी आम्हाला बर्फ उपसायला शिकवलं, त्यांच्या आजीची ती आठवण होती. आता त्या आमच्याशी बोलतील का, हाच घोर लागला.

वर्गात तर गायही दिसेना. ट्यूबलाइट तेवढी चमकत होती. एक मुलगी म्हणाली, "काका, आय कॅन सी मायसेल्फ." बेडूक कुणालाच सापडला नाही.

परत करताना मी इंग्रजीत पाठ केलेली माफी पहिल्याच वाक्यात विसरलो. बाईंनी चित्र खिडकीपाशी धरलं, तिरकं केलं. मग विचारलं, "का?" मी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांनी प्रमाणपत्र बघायला मागितलं. मी पळत जाऊन आणलं. त्यांनी ते उलटून पाहिलं.

"दोन्ही बाजूंनी," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून हसल्या.

गाय आता त्यांच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वर आहे. पाणी उडेल म्हणून तिथं लावायची हिंमत त्यांना आधी कधी झाली नव्हती म्हणे. मागच्या महिन्यात त्यांनी मला आजीचंच दुसरं, करकोच्याचं चित्र गुंडाळून दिलं.

"हे मात्र जपू नका," म्हणाल्या.

ते उलगडायचं काम मी बायकोकडे सोपवलं आहे.